रिकामी नऊ वर्षं

मिलेना द्रावेत्स ही स्लोव्हेनियाची दिग्दर्शिका आखातातल्या उम्म अल कुवैनला येणार होती, यात मंजुषा देवस्थळीचा फायदा काय होता ते आधी मांडू या, म्हणजे पुढे जे झालं त्याला उगाच कुणी त्याग वगैरे म्हणायला नको. एक म्हणजे नबिला नावाची बाई तिथे चालवत असलेल्या कलाकेंद्राने काढलेल्या पुस्तिकेत, मुखपृष्ठ उलटल्यावर पहिल्याच पानावर, तिचं नाव छापून आलं होतं. एकटं, आगेमागे कुणी नाही. दुसरं, त्याच केंद्रात चित्रपटांची टिपणं लिहिणाऱ्या माणसाची जागा निघाली होती, आणि नबिला महिनाभर तिच्या मागे लागली होती की तुझा सीव्ही पाठव, बाकीचं मी बघते. ती जागा मिळाली असती तर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यातलं एचआरचं केबिन सुटलं असतं, ज्याला स्वतःला खिडकी नव्हती. पगार कमी होणार होता, पण तो तिने धरलाच नव्हता. आणि शेवटचा फायदा, जो ती कुणापाशी बोलली नसती, तो असा की एक्कावन्नाव्या वर्षी कुणीतरी तिला विचारलं असतं, तुम्ही काय करता, आणि तिला उत्तर द्यायला आवडलं असतं.

बावीस वर्षं तिने माणसं कागदावर वाचली होती. वेल्डर, फॅब्रिकेटर, ड्राफ्ट्समन, स्टोअरकीपर. वर फोटो, मग पासपोर्ट, व्हिसाची स्थिती, आणि त्याखाली सालांची शिडी. ती शिडी मंजुषा खालून वर वाचायची, आणि तुटलेली पायरी तिला बोट न फिरवताही कळायची. जनरल मॅनेजरला रिकामी सालं खपत नसत. त्याच्या मते रिकामं साल म्हणजे माणूस एकतर तुरुंगात होता किंवा हाकलला गेला होता. मग ज्या उमेदवाराचा चेहरा मंजुषाला पटे त्याला ती स्वतः फोन लावायची. हे सोळा ते अठरा काय केलं? पलीकडे माणूस गप्प व्हायचा. या गप्प बसण्याच्याही तऱ्हा तिला पाठ होत्या, मल्याळी गप्प वेगळा, पेशावरचा वेगळा, आपल्याकडचा तर खोकून गप्प. मग तीच म्हणायची, फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज लिहू का? लिहा मॅडम. कौटुंबिक जबाबदाऱ्या. आखातात या शब्दांना कुणी हात लावत नाही. इथला प्रत्येक माणूस कुटुंबासाठीच आलेला, तेव्हा पुढे विचारणार काय? किती जणांना त्या दोन शब्दांनी नोकऱ्या मिळाल्या याचा तिला अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

युरोपातले स्वतंत्र दिग्दर्शक तिला भेटले ते याच सवयीतून. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत राजाभाऊंनी, म्हणजे फरसाणाच्या धंद्यातून वेळ काढून जगातली सगळी मंडळं चालवणाऱ्या माणसाने, दर पंधरवड्याला आपल्या हॉलमध्ये पडदा लावून सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. बायका सिनेमा बघत, पुरुष अर्ध्यात चहा करत. कुणीतरी दिग्दर्शकाची माहिती सांगायची म्हणून मंजुषावर आलं, आणि ती माहिती काढता काढता तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा सीव्हीच वाचतोय. पोर्तुगालचा एक भूगोलाचा मास्तर होता, त्याने शाळेच्या सुट्ट्यांमध्ये सहा वर्षं एकच सिनेमा काढला. फिनलंडचा एक जण रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. रोमेनियात दातांची एक डॉक्टर होती, तिच्या पहिल्या सिनेमातले सगळे नट तिचे पेशंट, आणि म्हणून त्या सिनेमात कुणी तोंड उघडून हसत नाही असं मंजुषाने लिहिलं तेव्हा लोक खूप हसले होते. बाप काय करायचा, भावंडं किती, पहिली नोकरी कुठली, पहिला कॅमेरा कुणाचा, हे सगळं ती विचारत सुटायची. आणि प्रत्येकाच्या शिडीला पायऱ्या कमीच. दोन सिनेमांमध्ये चार वर्षं, सात वर्षं, काहीच नाही. कुठल्याही जनरल मॅनेजरने यांना दारात उभं केलं नसतं. जिथे कुणी शॉर्टलिस्ट केलं नसतं तिथून आपण यांना उचललं, असं तिला वाटे, आणि कारखान्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या ती स्वतःशीच ताठ होई. नबिलाने ती टिपणं वाचली, ती शारजाहून राजाभाऊंकडे आली, दोन दिवस फरसाण खाल्लं आणि म्हणाली, हिला मला दे. त्यातून पंधरा दिग्दर्शकांची इंग्रजी पुस्तिका झाली.

पंधरावी मिलेना. एकोणतिसाव्या वर्षी पहिला सिनेमा, त्याला दोन बक्षिसं. अडतिसाव्या वर्षी दुसरा. मध्ये कोरं. मंजुषाने तिच्या भाषेतल्या मुलाखती मशीनकडून इंग्रजीत करून घेतल्या, जुनी नियतकालिकं शोधली, एका प्राध्यापकाला मेल केली, त्याने उत्तर दिलं नाही. गुरुवारी पुस्तिका छापायला जायची होती. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली भाजी संपवता संपवता, तिच्या हाताने आपला आपण लिहिलं: कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे नऊ वर्षं चित्रपटापासून दूर. हात पुसला आणि मेल पाठवली. तिला त्यात काही केल्यासारखंही वाटलं नाही.

नबिलाचं केंद्र म्हणजे खाडीच्या कडेला होड्या दुरुस्त करायची जुनी शेड. शनिवारी सकाळी अकराचा खेळ. आत अजून राळेचा आणि मिठाचा वास यायचा आणि एसी सुरू झाला की पत्रा कण्हायचा. पहिल्या रांगेत केंद्राचे तीन विश्वस्त बसले होते, मागे राजाभाऊंची पलटण, एका बाजूला मंजुषाचा नवरा सुजीत आणि सतरा वर्षांची मुलगी पर्णिका, जी जाडजूड हेडफोन गळ्यात घालून आली होती, म्हणजे गरज पडलीच तर. सिनेमा झाला. मिलेना पुढे आली. ठेंगणी बाई, पुरुषी बूट, हातात पुस्तिकेची गुंडाळी. राजाभाऊंनी माईक घेतला आणि इंग्रजीत विचारलं, पहिला प्रश्न कुणाचा?

"माझा," मिलेना म्हणाली. तिने पुस्तिका उलगडली. "इथे लिहिलंय की नऊ वर्षं मी कौटुंबिक जबाबदाऱ्यांत होते. आमच्या घरातल्या कुणी हे ऐकलं तर खुर्चीवरून खाली पडेल. कुणी लिहिलं हे?"

हॉल हसला. राजाभाऊ माईक तोंडापासून लांब धरायचा विसरून मराठीत म्हणाले, "वहिनी, तुमचा पेपर फुटला." मग मराठी मंडळी वेगळी हसली. नबिलाने भिंतीपाशी उभं राहून, हाताची पाचही बोटं जुळवून, जरा थांब अशी खूण केली. खूण अगदी स्पष्ट होती. गप्प बस, मी नंतर सांभाळते, विश्वस्त समोर आहेत. आणि सांभाळण्यासारखंच होतं. मंजुषाला नुसतं म्हणायचं होतं की कुठल्यातरी जुन्या मुलाखतीत वाचलं, अनुवादात चूक झाली असेल. मशीनवर ढकललं की कुणाचंच काही जात नाही. तिच्या घशात ते वाक्य तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणासकट. पण त्या वाक्याची चव तिला आली, आणि ती चव ओळखीची होती, फोनवर गप्प बसलेल्या त्या सगळ्या माणसांच्या बाजूची. पंधरा टिपणांसाठी तिने किती रात्री घालवल्या होत्या. एकेका दिग्दर्शकाच्या आजोबांचा धंदासुद्धा तिने दोन ठिकाणी पडताळला होता. ते काम तिचं होतं, एवढं पक्कं तिचं दुसरं काहीच नव्हतं. खोटं पकडलं गेलं याची लाज ती गिळू शकली असती. पण मिळालं नाही ते मिळालं म्हणून सांगायचं, तेही आपल्याच कामाबद्दल, हे तिच्या घशाखाली उतरेना. ती उभी राहिली. गुडघा वाजला तो तिला ऐकू आला.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "कुठेही सापडलं नाही. जागा रिकामी होती, म्हणून भरली."

"का भरली?"

"आमच्याकडे जागा रिकामी असली की माणसाला नोकरी देत नाहीत."

यावर मिलेना हसली, पण हसणं लगेच आवरून ती मंजुषाकडे बघत राहिली, जसं कुणी आपल्या गावचा माणूस विमानतळावर दिसल्यावर बघतं. मग तिने खुर्ची ओढली, उलटी फिरवून बसली आणि सांगितलं. पहिल्या सिनेमानंतर नवरा सोडून गेला. नवऱ्याची आई मात्र गेली नाही. ती स्वयंपाकघरात गल्लीतल्या लोकांचे केस कापायची. मिलेना वरच्या खोलीत बसून दुसऱ्या सिनेमाची संहिता लिहायची, फाडायची, दहाला उठायची, दुपारी झोपायची. नऊ वर्षं. "मी काही केलं नाही. मी वाईट लेखिका होते आणि हळूहळू कमी वाईट झाले, एवढंच. खाली कात्रीचा आवाज यायचा आणि त्या आवाजावर मी जेवायचे. तिने एकदाही विचारलं नाही की झालं का. दुसरा सिनेमा पुरा व्हायच्या आधी ती गेली." तिने पुस्तिकेवर बोट ठेवलं. "कौटुंबिक जबाबदारी होती, बरोबर आहे. पण मी ती घेतलेली नव्हती. मी ती होते. तेव्हा ही ओळ काढा. तिथे रिकामंच ठेवा. ती जागा तिची आहे."

टाळ्या झाल्या. मंजुषा कधी खाली बसली ते तिला आठवेना.

परतीच्या रस्त्याला गाडीने शारजा ओलांडलं. मग सुजीत म्हणाला, "अगं, नंतर भेटून सांगायचं होतंस. भर हॉलमध्ये कशाला?" मागून पर्णिका म्हणाली, "बाबा, आई वॉज किंडा कूल, ॲक्च्युअली," आणि लगेच हेडफोन कानावर चढवला, म्हणजे या विधानावर चर्चा होणार नाही. मंजुषा बाहेर बघत होती. दुतर्फा गोदामं, त्यांच्या निळ्या काचा, त्यातल्या कितीतरी तिच्याच कारखान्याच्या. तिला सालं दिसत होती. पंच्याण्णव ते अठ्ठ्याण्णव. बीएस्सी झाल्यावर, लग्न व्हायच्या आधी, पुण्यात कर्वेनगरला शालूताईच्या दोन खोल्यांत. शालिनी तिची मोठी बहीण, औषधाच्या दुकानात काउंटरला. आई-वडील गेलेले, आणि मंजुषाच्या डोक्यात एक सिनेमा. बावीस मिनिटं शूट झाली होती त्याची, उसन्या कॅमेऱ्यावर, विद्यापीठाच्या मागच्या टेकडीवर, आणि मग कॅमेरावाला नोकरीला गेला, नट गावाला गेला आणि ती संहिता दुरुस्त करत बसली. दुरुस्त करायची, फाडायची, दहाला उठायची. शालूताई साडेसातला निघायची. जाताना दार इतकं हळू ओढून घ्यायची की कडी वाजू नये. त्या न वाजणाऱ्या कडीचा आवाज मंजुषाला आत्ता, एकशेवीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत, स्पष्ट आला. आणि मग तिला दोन हजार तीन साल आठवलं, कारखान्यातला तो पहिला इंटरव्ह्यू, आणि समोरच्या माणसाने शिडीवर ठेवलेलं बोट. ही तीन वर्षं काय केलंत? तिने जराही न अडखळता सांगितलं होतं, मोठी बहीण आजारी होती, तिची शुश्रूषा केली. कौटुंबिक जबाबदाऱ्या. त्या माणसाने मान डोलावली होती, हळहळलाही होता. ते शब्द तिने आधी स्वतःसाठीच वापरले होते. बाकी सगळ्यांना नंतर वाटून दिले.

घरी आल्या आल्या ती गॅलरीत गेली आणि बोटिम ॲपवर शालूताईला फोन लावला. समोरच्या इमारतीतला कुणीतरी गालिचा झटकत होता.

"ताई, पंच्याण्णव ते अठ्ठ्याण्णव तुला काय झालं होतं गं?"

"मला? काही नाही. का?"

"माझ्या ऑफिसच्या कागदात तू तीन वर्षं आजारी आहेस."

शालूताईने विचारलं, "कशाने?"

"पाठीने."

"पाठ तेव्हा ठणठणीत होती. आत्ता दुखते. तेव्हाची रजा आत्ता मिळते का बघ." मंजुषा हसली, पण पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही. "तू काय केलंस तेव्हा, असं सांगितलंस तिथे?"

"तुझी सेवा."

"अस्सं."

"रागावलीस?"

"रागावले नाही. मला कशाला आजारी पाडलंस, एवढंच. त्या तीन वर्षांत मी एकदासुद्धा खाडा केला नव्हता, मंजू. ताप असताना गेलेय. मालक दिवाळीला सगळ्यांसमोर सांगायचा, शालिनीबाईंचा खाडा नाही. तेवढं एकच तर माझं होतं आणि तेच तू पुसलंस."

गालिचेवाला आत गेला होता. शालूताईला मंजुषाच्या गप्प बसण्याची तऱ्हा ठाऊक होती, तिने ते गप्प बसणं मोडलं. "बरं, ते राहू दे. तिकडे काय नवीन?" मग मंजुषाने तिला मिलेनाचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं. शालूताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सासूने केस कापून सुनेला जेवायला घातलं? सोडून गेलेल्या नवऱ्याच्या आईने?" आणि थोड्या वेळाने, "बाई भली होती. पण तिलाही वाटत असेल गं. वर बसून कुणीतरी काहीतरी करतंय, आपल्या घरात, हे बरं वाटतं. मलासुद्धा वाटायचं. मी दुकानात सांगायचे, माझी बहीण सिनेमा काढतेय."

हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. काढतेय, असं. तीन वर्षं रोज दुकानात. मंजुषाने फोन ठेवला तेव्हा तिच्या छातीत जे भरून आलं होतं त्याला रडणं म्हणता आलं नसतं. ताठपणाच होता तो, पण या वेळी स्वतःच्या नावाचा नव्हता.

रविवारी सकाळी तिने पंधराही टिपणं शिडी वाचावी तशी खालून वर वाचली. मिलेनाची धरून चार ठिकाणी तिनेच भरलेल्या जागा निघाल्या. बर्फाच्या ट्रकवाल्याची तीन वर्षं, दातांच्या डॉक्टरीणबाईंची पाच, आणि भूगोलाच्या मास्तरांचं एक, जे खरं तर भरायची गरजही नव्हती, नुसती सवय. तिने नबिलाला चारही ठिकाणं लिहून पाठवली. सोबत सीव्ही. त्यात पंच्याण्णव ते अठ्ठ्याण्णवसमोर लिहिलं: एक चित्रपट लिहिला, बावीस मिनिटं चित्रित केला, पुरा झाला नाही. या काळात घर मोठी बहीण शालिनी हिने चालवलं. सुजीतने चहा पिता पिता वाचलं. "असं सीव्हीत लिहितात का? तू एचआरमध्ये आहेस ना?" "म्हणूनच," ती म्हणाली आणि मेल गेली.

नबिलाचा फोन दुपारीच आला. "हबीबती, लाडके, का केलंस हे? एक ओळ होती. मिलेनाशी बोलून मी ती मिटवली होती, खलास. आता चार झाल्या. विश्वस्त म्हणतात पुस्तिका मागे घ्या."

"घ्या."

"आणि त्या नोकरीचं आता होणार नाही." नबिलाचा आवाज खाली आला. "तू खरं बोललीस म्हणून नाही, हे समजून घे. चार जागी खोटं लिहिलं होतंस म्हणून."

"समजलं. मीपण घेतलं नसतं."

"सीव्ही त्यांनी वाचला. एकाने विचारलं, ही शालिनी कोण, तिची मुलाखत घेता येईल का." नबिला स्वतःच हसली. "टिपणं लिहीत राहशील ना? नाव नसलं तरी?"

"बघते," मंजुषा म्हणाली, पण ती लिहिणार हे दोघींनाही माहीत होतं.

सोमवारी कारखान्यात तिने कपाटातून स्वतःची फाइल काढली. बावीस वर्षांत ती कुणी उघडली नव्हती, कारण उघडणारी तीच. आजारी बहिणीच्या ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर माहिती लिहिली, तारीख घातली, सही केली आणि फाइल जनरल मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली. अर्जात खोटी माहिती दिली तर काय होतं ते तिला नियमाच्या नंबरासकट ठाऊक होतं, तिनेच इतरांना कामावरून काढल्याची पत्रं दिली होती. मॅनेजर अर्श साहेब, पस्तिशीचा, कागदाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "मॅडम, ये किसने पूछा था?" "किसीने नहीं, सर." त्याने डोकं खाजवलं. नोकरी काढायची त्याची तयारी नव्हती, सोडून द्यायचीही नव्हती. शेवटी म्हणाला, वॉर्निंग लेटर तो देना पडेगा, आप ही ड्राफ्ट कर दो. तिने केलं. नेहमीच्या नमुन्यात, कडक भाषेत, एक शब्द मऊ न करता, आणि त्याची सही झाल्यावर खाली मिळाल्याची सही स्वतः केली. रात्री हे ऐकून सुजीत उठून उभा राहिला. अर्शच्या वरच्या माणसाला तो ओळखत होता, एक फोन केला की पत्र फाइलीतून निघेल म्हणाला.

तेव्हा कुणी काय भरलं ते असं. मिलेनाच्या नऊ वर्षांचं एका बाईने केस कापून भरलं, आणि झालेलं काम बघायला ती उरली नाही. मंजुषाच्या तीन वर्षांचं शालिनीने भरलं, एकही खाडा न करता, आणि वर आजारपणाचा बोल लावून घेतला. चार खोट्या ओळी पुस्तिकेतल्या आणि एक फाइलीतली, त्यांचं मात्र मंजुषाने भरलं. छापलेलं नाव गेलं, जागा गेली, आणि स्वतःच्या हाताने स्वतःला दिलेलं एक पत्र फाइलीला लागलं. सुजीतला तिने तो फोन करू दिला नाही.